मानाचा रिमोट

१

दिपालीचा रोजचा नेम ठरलेला होता. रामदासपेठेतल्या लॅबमधून संध्याकाळी परत आली की ती गाडी गल्लीच्या तोंडाशी, जुन्या तेलघाणीच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली लावायची. नागपुरातल्या महाल भागातल्या त्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला माघार घ्यावी लागते, तिथे चारचाकी कुठून शिरणार! मग पायी घरी यायचं, चहा टाकायचा, आणि कप हातात घेऊन वरच्या गॅलरीत उभं राहून रिमोटचं बटण दाबायचं. गाडी तिने आधीच लॉक केलेली असायची, पण आपली एक खात्री. निंबाखाली पिवळे दिवे एकदा उघडमीट करायचे आणि आवाज यायचा, टुक.

एकदा टुक म्हणजे कुलूप लागलं. दोनदा म्हणजे उघडलं. आणि घाईघाईने तीनदा म्हणजे एखादं दार नीट लागलेलं नाही, बघ बाई. गाडीची भाषा एवढीच, पण दिपालीला ती फार आवडायची. सासरी एका हाकेत ओ देणारं तेवढंच एक होतं. नवऱ्याला तीन हाका माराव्या लागत. सासूबाईंना आधीच ऐकू कमी यायचं, आणि काम सांगितलं की अजूनच कमी.

अक्षयतृतीया होऊन गेल्यावरची गोष्ट. तिने गॅलरीतून बटण दाबलं आणि निंबाखालून आवाज आला, टुक-टुक-टुक.

चहा कठड्यावर ठेवून ती खाली गेली. डाव्या बाजूचं पुढचं दार बोटभर उघडं होतं आणि आतला दिवा जळत होता. ती एकटीच आली होती. त्या बाजूला दिवसभर कोणी बसलं नव्हतं. शिवाय उतरताना लॉक केलं तेव्हा एकच टुक झालं होतं, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. की ऐकलं असं वाटलं होतं? दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं चिकटवून माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तिने दार ओढून लावलं, पुन्हा बटण दाबलं आणि घरी आली. तोवर चहावर साय धरली होती.

२

दिपाली ही हर्षितची दुसरी बायको. पहिली वैभवी. साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी तिच्या नावाचा चांदीचा टाक होता आणि पंचफुलाबाई, म्हणजे हर्षितची आई, रोज त्याला हळदकुंकू वाहायच्या. रीतच होती ती. दुसरीने काही नवं घ्यायचं तर आधी पहिलीचा मान. नवी साडी आधी टाकासमोर ठेवायची, मग नेसायची. पुरणपोळीचं पहिलं पान तिचं, दुसरं हिचं.

दिपालीने कधी तोंड वाकडं केलं नाही. मेलेल्या बाईचा मत्सर करावा इतकी ती कोत्या मनाची नव्हती. पण घरातलं कपाट वैभवीने पसंत केलेलं, आरसा तिने लावलेला, पलंगही तिच्याच माहेरचा. चुलीपासून न्हाणीपर्यंत जिथे हात लावावा तिथे आधी कोणाचा तरी हात लागून गेलेला. दिपाली जे काही वापरी ते उरलेलं असे.

म्हणून पाडव्याला नवी गाडी आली तेव्हा तिला फार मोठं वाटलं. हर्षितचं महालातच साड्यांचं दुकान होतं आणि गाडी लागणार होती तिलाच, रामदासपेठेला जायला. किल्ल्या दोन होत्या, एक तिची आणि एक हर्षितची. रिमोटही दोन. पूजा झाल्यावर पंचफुलाबाईंनी दुसरा रिमोट उचलला आणि सरळ देव्हाऱ्यात टाकासमोर नेऊन ठेवला.

"आई, तो ह्यांच्यासाठी आहे," दिपाली म्हणाली.

"आधी तिचा मान, मंग तुहा. ते पाहून राहिली असते वं. नाराज कराचं नाही तिले."

साडी टाकाला दाखवून परत मिळायची. रिमोट काही परत मिळाला नाही. हर्षितकडे नुसती किल्ली राहिली, आणि रिमोटशिवाय नुसत्या किल्लीने दार उघडलं की ही गाडी सगळी गल्ली डोक्यावर घेते. तेव्हा दिपाली सोबत असली तरच त्याला गाडी मिळायची.

त्या दिवशी संध्याकाळी तो तिला फुटाळ्याला, तलावावर, घेऊन गेला. ती त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर. सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. तो म्हणाला, "घरात काय आहे ते आहे, दिपाली. मले काय समजत नाही का? पण ही गाडी तुही. हिच्यात दुसरं कोणी नाही."

घरी येईपर्यंत तिने ते प्लास्टिक नखांनी सोलून काढलं. ही एक जागा अशी होती की तिच्याआधी तिथे कोणी बसलेलं नव्हतं. पुढे प्रत्येक रविवारी संध्याकाळी ती तिथे बसायची, आणि तेवढ्या तासाभरासाठी आठवडा काढायची.

३

नागपुरातली मे महिन्यातली दुपार ज्याने काढली आहे त्याला सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दुकानं अर्धं शटर ओढून घोरत असतात. रविवार होता. कूलर घरघरत होता, वाळ्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि दिपालीचा नुकता डोळा लागला होता.

टुक-टुक.

आवाज लांबून आला, पण तो तिच्याच गाडीचा होता. आईला आपल्या पोराचं रडणं जसं दहा पोरांत ओळखू येतं तसा तिला तो ओळखू यायचा. तिचा रिमोट उशाशी होता. शेजारी पलंगावर हात फिरवला तर हर्षित नव्हता.

ती पडून राहिली. कूलरच्या घरघरीत कान लावून बसलं की काहीही ऐकू येतं, अगदी आपलं नावसुद्धा, असं तिने स्वतःला समजावलं. बऱ्याच वेळाने पुन्हा आवाज आला, एकदाच, आणि मग जिन्यावर पावलं वाजली.

"कुठं गेले होते?"

हर्षित दचकला. "वर. टाकीतलं पाणी पाहाले."

तो शेजारी आडवा झाला. त्याचा हात तिच्या हाताला लागला. हात गार होता, चांगला गारेगार. त्या उन्हात गच्चीवर जाऊन आलेल्या माणसाचा हात असा गार असतो का? एसीत बराच वेळ बसल्याशिवाय असं अंग निवत नाही.

तो घोरायला लागल्यावर ती उठून देव्हाऱ्याशी गेली. रिमोट टाकासमोर होता तिथेच होता. वर सकाळचं जास्वंदीचं फूल तसंच होतं, जरासुद्धा सरकलेलं नव्हतं.

संध्याकाळी फुटाळ्याला जायला ती गाडीत बसली तर पुढची सीट मागे रेललेली. तिने ती कधीच मागे केली नव्हती.

"तुम्ही तो देवाजवळचा रिमोट घेता का?" तिने विचारलं. "घेत असाल तर घ्या. एकटं बसावंसं वाटत असेल, तिची आठवण येत असेल, मी काही म्हणणार नाही. फक्त खोटं बोलू नका."

हर्षितने तिच्याकडे पाहिलं नाही. "आईची शपथ. त्या रिमोटले मी हात नाही लावला."

शपथ खरी होती. ते तिला नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा खोटी असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

४

गाडीला ही अलार्मची सिस्टिम साहिलने बसवून दिली होती. दिपालीच्या लॅबमागच्या रस्त्यावर त्याचं सीटकव्हरचं आणि असल्याच सामानाचं दुकान होतं. ती जेवणाच्या सुट्टीत गाडी घेऊन गेली.

"दुसरा रिमोट बंद करून द्या," ती म्हणाली. "फक्त माझा चालला पाहिजे."

"हरवला का, ताई?"

"हो," ती म्हणाली. देव्हाऱ्याची कथा भर रस्त्यात कोण सांगत बसणार?

साहिल हसला. "सोपं आहे. हिच्या मेमरीत दोन रिमोट आहेत. म्या हिले शिकाच्या मोडवर टाकतो, म्हणजे जुनं सारं विसरते. मंग तुम्ही बटण दाबाचं. त्या टायमात जो रिमोट जवळून दाबला जाईन, त्याले हे ओळखन. बाकी साऱ्याइले परके समजन. जितके रिमोट शिकली, तितक्या वेळा हा लाल दिवा लागन."

त्याने स्टेअरिंगखाली हात घालून कळ दाबून धरली. गाडीने एकदा लांब आवाज काढला. दिपालीने बटण दाबलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, विझला. पुन्हा लागला आणि विझला.

"दोन?" साहिलने कपाळ पुसलं. "तुम्ही दोनदा दाबलं असन."

त्याने पुन्हा केलं. पुन्हा दोन. दुसरा रिमोट महालात देव्हाऱ्यात होता आणि गाडी इथे रामदासपेठेत होती. साहिलने दुकानातले सगळे रिमोट लांब नेऊन ठेवले, शेजारची गाडी पुढे काढायला लावली, आणि तिसऱ्यांदा कळ दाबली. दिपालीने बटण दाबलं.

दिवा एकदाच लागला.

"पाहा, झालं!" साहिल खुशीत आला. "आता उघडा गाडी."

तिने दाबलं. गाडी गप्प. तिने अगदी काचेजवळ जाऊन दाबलं, जोर लावून दाबलं. रिमोटवरचा बारीक दिवा लागत होता, म्हणजे सेल ठीक होता. गाडी मात्र रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीसारखी अनोळखी उभी होती.

साहिलने तिचा रिमोट उलटसुलट करून पाहिला. त्याने चौथ्यांदा सगळं केलं. लाल दिवा दोनदा लागला, आणि दिपालीच्या रिमोटने गाडी उघडली.

"दोन राहू द्या, ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला. "युनिट खराब असन, म्या कंपनीले विचारतो. पण आता दोनच राहू द्या. एक मिटवाले गेलो का तुमचाच मिटून राहिला."

त्याने पैसे घेतले नाहीत आणि गाडी निघेपर्यंत दुकानात पाठ करून उभा राहिला.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई आंघोळीला गेल्या तशी दिपालीने देव्हाऱ्यातला रिमोट उचलला. रोजच्या हळदकुंकवाने त्याच्यावर लालपिवळा थर चढला होता. बटणांच्या फटीत कुंकू भरून अगदी दगड झालं होतं. तिने अंगठ्याने दाबून पाहिलं, पण बटण हललंच नाही. उलटून मागचं झाकण नखाने काढलं तर आत सेल नव्हता.

"काय करून राहिली वं तिथं?"

पंचफुलाबाई ओल्या केसांनी दारात उभ्या होत्या.

"आई, ह्याच्यातला सेल कोणी काढला?"

"म्याच काढला, पाडव्यालेच. देवाजवळ करंटाची वस्तू ठेवाव नाही." त्यांनी रिमोट तिच्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि जागेवर ठेवला. "तिचा मान आहे तो. तू काहून हात लावून राहिली?"

दिपालीला रागाने रडू आलं. म्हणजे हा रिमोट पाडव्यापासून मुका होता. हर्षितने शपथ खरी घेतली होती. मग दुपारी गाडी उघडतं कोण? त्याने गुपचूप तिसरा रिमोट केला असेल, तिने मनाशी जुळवलं. बाजारात काय मिळत नाही? साहिललाही त्याने फितवलं असेल. नवरा खोटारडा निघाला तर निदान ते समजण्यासारखं होतं. तशा बायका तिच्या ओळखीत होत्या आणि त्या सगळ्या जगत होत्या.

त्या दिवशी ती अर्धी सुट्टी टाकून दुपारी घरी आली. हर्षित जेवायला आला तेव्हा म्हणाली, "डोकं दुखतंय, मी झोपते." भिंतीकडे तोंड करून ती पडली आणि झोपल्यासारखा श्वास घेऊ लागली. हर्षित बराच वेळ तिच्याशेजारी बसून होता. एकदा त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. मग उठला आणि दबक्या पावलांनी जिना उतरला.

ती रिमोट मुठीत धरून गॅलरीत आली. उन्हासाठी बांधलेल्या ओल्या पोत्याआडून निंबाखालची जागा दिसत होती.

हर्षित गाडीपाशी पोचला. त्याच्या एका हातात किल्ली होती. दुसरा हात मोकळा होता, खिशात काही चाचपतही नव्हता. त्याने दाराला हात लावला नाही. बोटांनी केस सारखे केले, कॉलर नीट केली आणि उभा राहिला. घरची बाई आतून कडी काढेल म्हणून माणूस दारासमोर उभा राहतो, अगदी तसा.

टुक-टुक.

गाडी उघडली. हर्षित हसला. इतक्या लांबूनही दिपालीला ते हसू दिसलं. लग्न झाल्यापासून ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

६

चप्पल घालायचंही भान तिला राहिलं नाही. गल्लीतलं डांबर तापून मऊ झालं होतं आणि तळपाय चरचर भाजत होते. ती धावत निंबाखाली आली तेव्हा गाडी सुरू होती. आत एसी चालू होता आणि काचांवर बाहेरून बारीक दव धरलं होतं.

ती डाव्या बाजूला गेली, तिच्या बाजूला. रिमोट दाबला, पुन्हा पुन्हा दाबला. गाडीने ओ दिली नाही.

"हर्षित!" तिने तळहाताने काच ठोकली. "उघडा! उघडा म्हणते ना!"

दव पुसून तिने आत पाहिलं. पुढची सीट मागे रेललेली होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. फक्त सीटचा पट्टा ओढून खटक्यात अडकवलेला होता. रिकाम्या सीटवर तो सपाट पडायला हवा होता. तो तसा पडलेला नव्हता. खांद्यापाशी उचललेला होता, छातीपाशी फुगीर होता, कमरेशी आत गेला होता. आणि दिपाली बघत असताना तो किंचित वर आला आणि खाली गेला.

हर्षितने हात पुढे केला आणि खांद्यापाशी पिळा पडलेला पट्टा हलक्या हाताने सरळ केला. किती जपून! दिपालीला कधी पट्टा लावून देणं तर सोडा, "लावला का" असंही त्याने विचारलं नव्हतं. भीती होतीच, पण त्या क्षणी तिला भीतीपेक्षा जास्त जाळलं ते त्या जपण्याने. तिने पुन्हा काच ठोकली.

आता त्याने तिला पाहिलं. तोंडाला रंग राहिला नाही त्याच्या. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी त्याने मान खाली घातली. आता हा उतरेल, दिपालीला वाटलं. उतरेल, रडेल, माझे पाय धरेल, आणि मी आधी खूप बोलेन आणि मग माफ करेन. ही गाडी आपण विकून टाकू. रविवारी बसने जाऊ फुटाळ्याला.

हर्षितने मान वर केली आणि शेजारच्या सीटकडे वळून काहीतरी विचारलं. काचेतून आवाज आला नाही, पण ओठ वाचता आले. परवानगी मागत होता तो. नंतर थोडा वेळ, समोरचं माणूस बोलत असल्यासारखा, मान डोलवत ऐकत राहिला.

टुक-टुक.

चारही दारांच्या खुंट्या वर आल्या. दिपालीने झडप घालून पुढच्या दाराचा खटका धरला. ती तो ओढणार तेवढ्यात, अगदी तिच्या डोळ्यांसमोर, काचेच्या आतल्या बाजूला त्या दाराची खुंटी तेवढी हळूच खाली गेली. कोणी बोटाने दाबावी तशी. हर्षितचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

बाकीच्या तीन खुंट्या वरच राहिल्या.

हर्षितने बटण दाबून तिच्या बाजूची मागची काच थोडी खाली केली. गार हवा बाहेर आली, आणि तिच्याबरोबर घरातल्या कपाटाचा वास आला, त्या जुन्या कपाटाचा.

"मागं बस ना वं, दिपाली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट काळजी होती. "ऊन लागून राहिलं तुले. पाय भाजून राहिले. मागं जागा आहे, ते नाही म्हणत नाही."

"ती माझी जागा आहे," दिपाली म्हणाली. "तुम्ही म्हणाले होते."

"हाव, म्हणलो होतो." त्याने क्षणभर डोळे मिटले. "बस ना. फुटाळ्याले जाऊन राहिलो आम्ही."

आम्ही. तिने गल्लीकडे पाहिलं. घराच्या गॅलरीत ओल्या पोत्याशेजारी पंचफुलाबाई उभ्या होत्या आणि पदर डोक्यावर घेऊन गाडीच्या दिशेने हात जोडत होत्या. माहेरी सांगायचं तर काय सांगणार? नवऱ्याने मारलं नाही, हाकललं नाही, गाडीत मागे बस म्हणाला. हसतील लोक. तळपायांची आग मस्तकात गेली होती आणि उभं राहवत नव्हतं.

तिने पुढच्या दाराच्या खटक्यावरून हात काढला. मागचं दार एका हाताने सहज उघडलं. सीट गार होती. ती आत सरकून बसली, पाय वर घेतले आणि दार ओढून लावलं.

पुढची रेललेली सीट हळूहळू सरळ झाली, मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना जागा व्हावी म्हणून. हर्षितने गाडी रस्त्यावर काढली.